दाताच्या इम्प्लांटभोवतीची सूज: कॅप आणि सिमेंटही तपासा

काकांच्या एका इम्प्लांटभोवती (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवती) हिरडीतून रक्त का येतं, या तुमच्या प्रश्नावर आलेल्या प्रतिसादांत सगळा भर साखर आणि तंबाखूवर आहे. तो योग्यच. पण तुमच्या नाशिकरोडच्या काकांची साखर ताब्यात आहे, तंबाखू नाही, तीनपैकी दोन इम्प्लांट ठणठणीत आहेत आणि एकाभोवतीच रक्त येतंय. म्हणजे कारण बहुधा त्या जागीच आहे.

पहिला संशय कॅप, म्हणजे इम्प्लांटवरचा कृत्रिम दात, चिकटवताना हिरडीखाली राहिलेल्या सिमेंटचा. कॅपची कड हिरडीखाली १ मिमीपेक्षा खोल असेल तर जादा सिमेंट पूर्ण निघणं फार अवघड. एक्स-रेवर विसंबू नका: गालाकडचं किंवा जिभेकडचं सिमेंट इम्प्लांटच्याच सावलीत लपतं, काही सिमेंटं तर दिसतच नाहीत. स्क्रूने बसवलेल्या कॅपला हा त्रास नसतो.

मग कॅपचा आकार. बारीक इम्प्लांटवर फुगीर दाढ बसवली की कडेखाली खाच राहते. इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश) तिथे शिरतच नसेल तर कॅपचा आकार बदलून घ्या, नुसतं क्लीनिंग करून भागणार नाही. इम्प्लांटभोवतीची घट्ट, न हलणारी हिरडी २ मिमीपेक्षा कमी रुंद असली की ब्रश लागून दुखतं आणि माणूस नेमकी तीच जागा टाळतो.

कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे मात्र मागून घ्या; हाड किती उतरलं ते त्याच्याशी ताडूनच कळेल.