अनुभव धागा : बंबावरची माणसं

१४ एप्रिलला आपल्याकडे जयंतीची मिरवणूक असते, त्या गर्दीत अग्निशमन सेवा दिन कुणाच्या ध्यानात राहत नाही. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गाठी, त्याच जहाजात स्फोटकं. पाणी मारता मारताच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनो, आपापल्या गावच्या बंबावरच्या माणसांबद्दल लिहा.

धरणगावकर : गोदीतली आग विझेना कशी, हे जिनिंगवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. बावीस वर्षं जिनात काढली. कापूस वरून विझतो, पण गाठीच्या आत धुमसत राहतो. पट्ट्या तोडून गाठ फोडली की आत लाल निखारा, आणि वारा लागला की पुन्हा भडका. आमच्याकडे एकदा भरदुपारी "आग लागनी रे भो!" असा ओरडा झाला, बंब हलला तो तिसऱ्या दिवशी सकाळी. पंचविशीतला एक फायरमन उघड्या हातांनी कापूस उपसत होता. हातमोज्यांचा जोड एकच, तोही त्याने सोबत्याला दिलेला. मी चहा नेला तर त्याला कप धरता येईना. मग बशीत ओतून मीच पाजला.

भुसावळची लेक : पप्पा बंबावर ड्रायव्हर होते. आई दारातच शर्ट काढून घ्यायची आणि थेट बादलीत बुडवायची. तरी धुराचा वास तिसऱ्या धुण्याला जायचा. लक्ष्मीपूजनाला ते घरी असल्याचं मला आठवत नाही, फटाक्यांची रात्र ना! धडधाकट रिटायर झाले. त्यामुळे त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही, आणि आम्हाला ते बरंच आहे.

शिरपूरचा : २०१५ च्या मे महिन्यात मी काळबादेवीला कपड्याच्या दुकानात होतो. गोकुळ निवासच्या आगीत इमारत कोसळली. दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख सुनील नेसरीकरही. सगळ्यात मोठा साहेब स्वतः आगीपाशी होता, हे गावाकडे सांगितलं तर कुणाला पटेना.

पारोळेकर : आमच्याकडे मागच्या वर्षी मौन ठेवलं होतं. दुसरं मिनिट सरायच्या आत फोन खणखणला, कडब्याची गंजी पेटली म्हणून. सगळे बंबावर चढून गेले. हार टेबलावर, पाहुणे उभेच.