कागदांपलीकडची तपासणी
वरच्या प्रतिसादात इंग्लंडमधील ऑफस्टेड या शाळा, पाळणाघरे आणि बालसेवा तपासणाऱ्या सरकारी संस्थेची तपासणी म्हणजे केवळ कागदपत्रांची छाननी, असे म्हटले आहे. पाळणाघरे आणि बालवाड्यांपुरते तरी ते पटत नाही. तिथे तपासनीस सुरुवातीलाच व्यवस्थापकांसोबत खोल्याखोल्यांतून फेरी मारतात, मुलांना काय शिकवायचे ठरवले आहे आणि का, हे विचारतात, आणि पुढे एखाद्या दोन वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारल्यावर शिक्षिका उत्तराची वाट पाहते की स्वतःच ते देऊन मोकळी होते, हे बाजूला बसून न्याहाळतात.

स्थानिक प्रशासनाच्या बालसेवांचे, म्हणजे मदतीची किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीच्या सेवांचे, मूल्यमापनही ऑफस्टेडच करते, पण ते २०१८ पासूनच्या वेगळ्या चौकटीनुसार होते (या दोन तपासण्यांची गल्लत नेहमीच होते). तिथे प्रकरणांच्या नोंदी वाचल्या जातात हे खरे, परंतु ते प्रकरण हाताळणाऱ्या समाजकार्यकर्त्यांशी प्रत्यक्ष बोलून अमुक निर्णय तेव्हाच का घेतला, हेही तपासले जाते. माझ्या मते खरा कस तिथेच लागतो.

पाळणाघरांना मिळणारा ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’ असा एकशब्दी एकूण शेरा नोव्हेंबर २०२५ मध्ये जाऊन त्याजागी बाबनिहाय प्रगतिपत्रक आले, हे मात्र उशिरा सुचलेले शहाणपणच म्हणावे लागेल.