अस्वस्थ काळात विस्मय शोधणे म्हणजे पलायन का?

प्रश्न: रोजच्या बातम्यांनी मन इतके बधिर झाले आहे की पूर्वी ज्या साध्या गोष्टींपाशी मी थबकत असे, त्यांच्याकडे आता लक्षही जात नाही. अशा काळात नवल शोधणे हा वास्तवापासून पळ ठरेल का?

प्रतिसाद १: तसे वाटत नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या २०२० च्या अभ्यासात ज्येष्ठांना ८ आठवडे, दर आठवड्याला १५ मिनिटे, भोवताल नव्या नजरेने न्याहाळत चालण्यास सांगितले होते. त्यांनी काढलेल्या स्वतःच्या छायाचित्रांत त्यांची प्रतिमा हळूहळू लहान होत गेली, परिसर अधिक दिसू लागला आणि हसूही रुंदावले.

प्रतिसाद २: मात्र शोकात असलेल्यास असा सल्ला देणे क्रूरपणाचे होईल.

प्रतिसाद ३: बाहेर जाणे शक्य नसेल, तर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा पाहावा. त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळल्याने रंग दिसतात, आणि तो अत्यंत पातळ झाला की चक्क काळा भासतो.

प्रश्नकर्ता: हे नुसत्या डोळ्यांनी दिसते का?

प्रतिसाद ३: दिसते. साबणाच्या पाण्यात बुडवलेले तारेचे कडे उभे धरावे. पापुद्रा टिकला, तर वरची बाजू आधी काळवंडते.