थायरॉईडच्या गाठीसाठी आधी कोणत्या तज्ज्ञाकडे जावे?

प्रश्न:
आईच्या मानेच्या सोनोग्राफीत थायरॉईडच्या उजव्या भागात १.८ सेंटीमीटरची गाठ आढळली असून अहवालात ‘टायरॅड्स ४’ (सोनोग्राफीवरून कर्करोगाचा संशय दाखवणारी १ ते ५ मधील श्रेणी) असा शेरा आहे. टीएसएच (थायरॉईडचे काम नियंत्रित करणारे संप्रेरक) मर्यादेत आहे आणि तिला कोणताही त्रास नाही. काही जण थेट सर्जनकडे जायला सांगतात, तर काही जण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १:
सुरुवात एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून, म्हणजे संप्रेरक-ग्रंथींच्या तज्ज्ञाकडून करावी, कारण आज प्रश्न गाठ काढण्याचा नसून ती कसली आहे हे ठरवण्याचा आहे आणि अशा बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या निकषांनुसार टायरॅड्स ४ ची गाठ १.५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असल्यास एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी घेऊन तपासणी, सुचवली जाते. ती सोनोग्राफीत सुई पाहत केलेली बरी. चाचपडून केल्यास नमुना अपुरा येण्याची शक्यता वाढते. भेटीला जाताना केवळ अहवाल नव्हे, तर सोनोग्राफीच्या प्रतिमाही न्याव्यात.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. पुढची दिशा एफएनएसीच्या अहवालातील ‘बेथेस्डा’ श्रेणी, म्हणजे पेशी पाहून केलेले १ ते ६ असे वर्गीकरण, ठरवते. २ (कर्करोग नाही) आल्यास सहसा ठरावीक काळाने सोनोग्राफी पुरते, ५ किंवा ६ (कर्करोगाचा दाट संशय किंवा निदान) आल्यास सर्जनचा सल्ला घ्यावाच लागतो. ३ आणि ४ या श्रेणी खऱ्या अवघड असतात. तेथे पुन्हा एफएनएसी, जनुकीय चाचणी किंवा ग्रंथीचा अर्धा भाग काढणे असे पर्याय असतात आणि घाईने होकार देऊ नये.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर सर्जन कान-नाक-घसा शाखेचे की एंडोक्राइन सर्जरीचे, यापेक्षा ते वर्षाला थायरॉईडच्या किती शस्त्रक्रिया करतात हे निःसंकोच विचारावे. ग्रंथीला खेटूनच आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यामुळे येथे हाताच्या सरावाला फार मोल आहे. वर्षाला २५ हून अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळल्याचे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले होते.

प्रतिसाद ३:
एक भर घालतो. टीएसएच कमी असते, तर सुईआधी आयसोटोप स्कॅनचा (गाठ जास्त संप्रेरक बनवते का हे पाहणाऱ्या तपासणीचा) विचार झाला असता. आपल्या आईंना त्याची गरज दिसत नाही. मात्र आवाज घोगरा होऊन तसाच राहिला, गाठ झपाट्याने वाढली किंवा मानेत आणखी गाठी लागल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.