‘फिलान्थ्रॉपी’ला मराठीत काय म्हणायचं? (‘दानधर्म’ सोडून सांगा)

शब्दवेडी:
एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. ‘फिलान्थ्रॉपी’, ‘चॅरिटी’, ‘डोनेशन’ आणि ‘ग्रँट’ हे चारही शब्द एकाच परिच्छेदात आलेत, आणि चारही मुद्दाम वेगळे वापरलेत. आधी सरसकट ‘दान’ लिहून मोकळी झाले. वाचून पाहिलं तर अहवालाचं प्रवचन झालेलं. मग ‘फिलान्थ्रॉपी विभागा’ला ‘परोपकार विभाग’ केलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘म्हणजे बाकीचे विभाग काय करतात?’

हसले, पण त्यांचं चुकलेलं नाही. कृपा करून शब्दकोश बघ म्हणू नका, बघून झालेत. कुणी रोज हे काम करत असेल तर सांगा.

तळटीप:
पेन्सिलवाल्या बाईंना माझा नमस्कार. ‘परोपकारा’ची खरी अडचण त्यातल्या ‘उपकारा’त आहे. उपकार म्हटला की तो फेडावा लागतो, नाहीतर त्याचं ओझं होतं. घेणारा शब्दातच मिंधा होऊन बसतो.

मूळ ग्रीक शब्दात हे नाही. ‘फिलोस’ म्हणजे प्रिय आणि ‘अँथ्रोपोस’ म्हणजे माणूस. पैशाचा पत्ताच नाही. गंमत अशी की या शब्दाच्या फार जुन्या वापरांपैकी एक चक्क आरोप आहे. प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या ‘प्रॉमिथिअस बाउंड’ या नाटकाच्या सुरुवातीलाच, अग्नी चोरून माणसांना दिला म्हणून प्रॉमिथिअसला खडकाला जखडतात. जखडायला आलेला म्हणतो की याची माणसांवर माया करण्याची खोड मोडली पाहिजे. ‘चॅरिटी’ लॅटिन ‘कारिटास’वरून आला, म्हणजे तीही मायाच. मुळात दोन्ही शब्द शेजारचेच. आज जो फरक आपण करतो तो वापराने पडलेला.

तो फरक साधारण असा: आजची नड भागवली तर चॅरिटी, ती नड उद्या पुन्हा उभी राहू नये म्हणून पैसा, वेळ आणि डोकं लावलं तर फिलान्थ्रॉपी. अमेरिकेतला पोलादाचा धनाढ्य कारखानदार अँड्र्यू कार्नेगी घ्या. १८८९ साली श्रीमंतांनी संपत्तीचं काय करावं यावर त्याने निबंध लिहिला, त्यात विचार न करता केलेल्या दानावर सडकून टीका आहे. पुढे त्याच्या पैशातून जगभरात २,५०९ ग्रंथालयांच्या इमारती झाल्या. पण त्याची नेहमीची अट अशी की जागा गावाने द्यायची, आणि इमारतीच्या रकमेच्या १० टक्के रक्कम दरवर्षी गावानेच ग्रंथालय चालवायला काढायची. आता याला ‘दान’ म्हणा बघू. दान दिलं की हात झटकून मोकळं व्हायचं असतं. अटी-शर्ती, हिशेब, पुढच्या वर्षी पाहणी, हे त्या शब्दात मावत नाही.

काठावरचा:
इतका काथ्याकूट कशाला? चारही ठिकाणी ‘मदत’ लिहा, वाचकाला कळतं.

शब्दवेडी:
काठावरचा, मूळ वाक्यच असं आहे की ‘आम्ही चॅरिटीकडून फिलान्थ्रॉपीकडे वळलो.’ म्हणजे मी लिहू, ‘आम्ही मदतीकडून मदतीकडे वळलो’?

पावतीपुस्तक:
हिशेबाच्या बाजूचा माणूस आहे, भाषेचा नाही. नियम सांगत नाही, कानाला काय लागतं ते सांगतो.

अंगातून गेलं तर ‘दान’: रक्तदान, नेत्रदान, देहदान, श्रमदान. खिशातून गेलं आणि पावती फाडली तर ‘देणगी’. रक्ताची देणगी कुणी म्हणत नाही. सगळ्यांनी मिळून ठरलेलं काढलं की ‘वर्गणी’, आणि मला तोच शब्द सगळ्यात आवडतो, कारण वर्गणीत कुणीच दाता नसतो. ‘ग्रँट’ला ‘अनुदान’ बरोबर आहे, पण त्याला सरकारी वास येतो. खासगी संस्था देत असेल तर ‘अर्थसाहाय्य’ बरं. ‘मतदान’ यात कुठे बसतं ते मात्र विचारू नका.

जुना वाचक:
‘फिलान्थ्रॉपी’साठी ‘दातृत्व’ घ्या. ‘दानत’ मोहात पाडेल, पण ती ‘दाना’ची सख्खी नाही. अरबी ‘दियानत’, म्हणजे सचोटी, तिचं हे मराठी रूप. मराठीत येऊन ‘दाना’च्या घरात इतकी रुळली की ‘द्यायलाही दानत लागते’ म्हणताना कुणाला शंकाही येत नाही.

आणि घेणारा मिंधा न होणारे शब्दही आहेत. हिब्रूत दानाला ‘त्झेदाका’ म्हणतात. तो न्यायाच्या शब्दाचा भाऊ आहे, दयेच्या नव्हे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसलेलं गुप्तदान त्याने वरून दुसऱ्या पायरीवर ठेवलं. सगळ्यात वर काय, तर कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन समोरच्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही असं करणं. तुमच्या संस्थेला जे म्हणायचंय ते बहुधा हेच. आपल्या ‘भिक्षे’तही ‘भज्’ म्हणजे वाटणे हा धातू दडलाय. मुळात तो वाटा मागणं होता. आज कुणाला सांगून पटणार नाही.

शब्दवेडी:
ठरलं. विभाग ‘सामाजिक दातृत्व’, पैसे आले की ‘देणगी’, पुढे दिले की ‘अर्थसाहाय्य’. ‘चॅरिटी’ला एक शब्द शोधायचा नाद सोडला आणि वाक्यच मोडलं: ‘पूर्वी आम्ही नड दिसेल तिथे हात देत होतो, आता ती नड का येते, तिकडे वळलो आहोत.’

पावतीपुस्तक, ‘वर्गणी’ मलाही वापरायची होती, पण अहवालात सगळे पैसे एकाच गृहस्थांचे आहेत. फोटोखाली ‘फिलान्थ्रॉपिस्ट’ आहे, आणि मराठीत ‘दानशूर’ लिहावं असं त्यांनी स्वतःच सुचवलंय. मी ‘देणगीदार’ लिहून पाठवलंय. बाईंची पेन्सिल अजून परत आलेली नाही.