'जयपूर' खेळात उंट केव्हा घ्यावेत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही दोघी बहिणी राजस्थानातील व्यापाऱ्यांवर बेतलेला 'जयपूर' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. बाजारातील (म्हणजे मध्ये मांडलेले) उंटांचे पत्ते घ्यायचे तर सगळेच घ्यावे लागतात आणि त्यांच्या जागी उघडणाऱ्या नव्या पत्त्यांवर पहिला डाव समोरच्याचा असतो. मग उंट घ्यावेत तरी केव्हा?

उत्तर १: ताई, आधी समोरच्याचा हात पाहावा. त्याच्याकडे मालाचे 7 पत्ते झाले असतील, तर त्याला आणखी एक उचलता येत नाही, हातातला माल देऊन अदलाबदल तेवढी करता येते. अशा वेळी चार उंटही खुशाल घ्यावेत. त्याचा हात रिकामा असताना मात्र चार नवे पत्ते उघडून देणे म्हणजे त्याला आयते ताट वाढणे होय.

उत्तर २: फेरीअखेर सर्वांत मोठा कळप, म्हणजे जास्त उंट असणाऱ्यास मिळणाऱ्या 5 रुपयांसाठी उंट साठवत बसणे मला पटत नाही. दोन उंट देऊन बाजारातील दोन हिरे घेता येतात, आणि ते पहिल्यांदा विकणाऱ्यास प्रत्येकी 7 रुपये मिळतात.

उत्तर ३: सहमत, फक्त हिरे, सोने, चांदी एकेकटे विकता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.