तिसरा पंच तिसऱ्या बेसवर खिळलेला नसतो

बेसबॉलमध्ये 'तीन पंच असले की प्लेट (जिथे बॅटर उभा राहतो), पहिला आणि तिसरा बेस वाटून घ्यायचा, दुसरा बेस वाऱ्यावर' असं कुणी म्हणतं, ते मुख्यतः बेस रिकामे असतानाच खरं. तेव्हा दोघे बेस पंच आपापल्या फाउल रेषेच्या (मैदानाच्या कडेच्या हद्दीच्या) बाहेर, बेसमनच्या (बेस राखणाऱ्या खेळाडूच्या) मागे उभे राहतात.

रनर (बेसवर पोचलेला बॅटर) पहिल्या बेसवर आला की चित्र बदलतं. पहिल्या बेसचा पंच रेषेवरच थांबतो, कारण पिकऑफ (बेस सोडून पुढे सरकलेल्या रनरला चेंडू फेकून बाद करायचा प्रयत्न) त्याच्याकडे. तिसऱ्याचा पंच मात्र इनफिल्डमध्ये (चार बेसमधल्या भागात) शिरतो, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या बाजूला. चोरीचा (चेंडू टाकला जात असताना रनरने पळून पुढचा बेस गाठण्याचा) प्रयत्न झाला तर दुसऱ्या बेसवरचा टॅग (हातातल्या चेंडूने रनरला शिवून बाद करणं) बघणं त्याचं काम. रनर फक्त दुसऱ्यावर असेल तर उलट: पहिल्याचा पंच आत, तिसऱ्याचा रेषेवर. (नियमावलीनुसार यात थोडा फरक सापडतो.)

खरी गंमत उंच फटक्यावर. एखादा पंच झेल बघायला आउटफिल्डकडे (बेसच्या पलीकडच्या मैदानाकडे) धावला, की उरलेले दोघे तत्क्षणी दोन पंचांच्या पद्धतीवर (दोघांनीच सगळे बेस सांभाळायचे) येतात, आणि प्लेट पंचालाही बेसकडे पळावं लागतं. म्हणूनच चेंडू टाकला जाण्याआधी ते एकमेकांना खुणा करतात.